श्रवणयंत्र बाळाच्या कानावर टिकावे म्हणून

घरात मूल जन्माला आले की बारशाची तयारी, पेढ्यांचे वाटप आणि नावांची चर्चा यांत पहिले काही आठवडे कसे निघून जातात ते कळत नाही. त्याच आठवड्यांत काही कुटुंबांच्या हाती एक असा अहवाल येतो, ज्याची कोणीच अपेक्षा केलेली नसते. बाळाला ऐकू कमी येते, असे त्यात लिहिलेले असते. दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बालकांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो. दृष्टिदोष किंवा हातापायांचे व्यंग जसे दिसून येते, तसा हा दोष दिसत नाही. बाळ हसते, हुंकार देते, नजरेला नजर देते. म्हणून अहवालावर विश्वास बसायलाच वेळ लागतो.

धक्का ओसरला की घर कामाला लागते. व्यापारी कुटुंबांना वस्तूची पारख असते, चार ठिकाणी चौकशी करण्याची सवय असते आणि नातवंडासाठी खर्च करताना हात आखडता घेतला जात नाही. चांगल्यात चांगले श्रवणयंत्र आणले जाते. मात्र काही महिन्यांनी पाहावे, तर ते यंत्र बहुतेक वेळ कपाटातल्या डबीत पडून असते. कारण विचारले तर उत्तर एकच मिळते : “बाळ ठेवतच नाही, ओढून काढते.” यंत्र घेणे हा या कामाचा केवळ आरंभ आहे. ते दररोज, जागेपणीचा सर्व वेळ, दोन्ही कानांवर राहणे हे खरे काम आहे आणि ते सर्वस्वी घरच्या माणसांच्या हाती आहे.

वेळेची किंमत

निरोगी बाळ मातेच्या उदरात असतानाच, सहाव्या-सातव्या महिन्यापासून, आवाज ऐकू लागते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतील श्रवणाचे आणि भाषेचे मार्ग झपाट्याने घडतात. त्या काळात आवाज मेंदूपर्यंत पोहोचलाच नाही, तर ते मार्ग नीट तयार होत नाहीत आणि पुढे कितीही भारी यंत्र लावले तरी गेलेला काळ पूर्णपणे भरून काढता येत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. श्रवणदोष असलेल्या १५० मुलांची त्यात पाहणी होती. ज्यांचा दोष वयाच्या सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि लगेच उपाय सुरू झाले, त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली. दोष सौम्य की तीव्र, कुटुंब सधन की सामान्य, यांपैकी कशानेही हा फरक पुसला गेला नाही. पैसा उशिराची भरपाई करू शकत नाही, ही गोष्ट व्यापारी घरांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यातूनच ‘एक-तीन-सहा’ हा नियम जगभर रूढ झाला. पहिल्या महिन्याच्या आत कानांची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार. प्राथमिक चाचणी ‘ओएई’ या नावाने ओळखली जाते. बाळ झोपेत असताना कानात मऊ टोक ठेवून ती काही मिनिटांत होते, वेदना मुळीच होत नाहीत. या चाचणीत बाळ ‘रेफर’ झाले म्हणजे ते बहिरे आहे असे नव्हे. कानात द्रव किंवा मळ असला तरी तसे होते. पण पुन्हा तपासणी टाळता कामा नये. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या, कमी दिवसांच्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांची ‘बेरा’ ही तपासणीही आवश्यक असते, कारण काही दोष ‘ओएई’मध्ये निसटतात.

घरोघरी आजही ताट वाजवून किंवा टाळी देऊन परीक्षा घेतली जाते. ती फसवी आहे. बाळ कधी हवेच्या झोताने, कधी सावलीने, कधी पलंगाच्या कंपाने दचकते. शिवाय मध्यम स्वरूपाचा दोष असलेल्या बाळाला ताटाचा मोठा आवाज ऐकू येतोच. ऐकू येत नाहीत ती बोलण्यातील हलकी व्यंजने. “आमच्याकडे मुले उशिराच बोलतात” या समजुतीने तर कित्येक मुलांची अमूल्य वर्षे वाया गेली आहेत.

दोष कोणाचा?

यंत्र डबीत राहण्याचे एक कारण बाळाच्या हाताशी संबंधित नसतेच. ते मोठ्यांच्या मनात असते. समाज लहान, सर्वांची एकमेकांशी ओळख आणि सोयरिकी. घरात आत्या किंवा काका लग्नाचे असतील, तर बाळाच्या कानामागचे यंत्र पाहुण्यांना दिसू नये असे वाटते. लग्नकार्यात ते काढून ठेवले जाते, सणावाराला काढले जाते, मग हळूहळू पाहुणे आले की काढायचे असा रिवाज पडतो. याच्या जोडीला सुनेकडे वळणाऱ्या नजरा असतात. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय केले, तिच्या माहेरी कोणाला असे आहे का, असे प्रश्न विचारले जातात.

वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. जन्मजात श्रवणदोषांपैकी निम्म्याच्या आसपास दोष आनुवंशिक असतात आणि त्यांतील बहुसंख्य अशा प्रकारचे, की बाळाला सदोष जनुक आई व वडील या दोघांकडून मिळावे लागते. दोघांनाही उत्तम ऐकू येत असते, दोघांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी बहिरे नसते, तरीही मूल या दोषासह जन्मते. म्हणजे ‘कोणाकडून आले’ या प्रश्नाचे उत्तर, बहुतेक वेळा, दोन्ही घरांकडून असे असते. इतर कारणांत गर्भारपणातील सायटोमेगॅलो किंवा रुबेला विषाणूंचा संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि तीव्र कावीळ ही येतात. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. मात्र पुढील अपत्याचा विचार करताना जनुकीय सल्ला घेणे आणि त्या बाळाची चाचणी जन्मतःच करून घेणे हे शहाणपणाचे आहे.

यंत्र आणि त्याचा साचा

लहान बाळांसाठी कानामागे बसणारे यंत्र वापरतात. त्यातून निघालेली पारदर्शक नळी कानात बसणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या साच्याला जोडलेली असते. या साच्याला ‘ईअर मोल्ड’ म्हणतात. बाळ झोपलेले किंवा दूध पीत असताना श्रवणतज्ज्ञ कानात मऊ लगदा घालून माप घेतात आणि त्यावरून साचा तयार होतो. उजव्या कानाच्या यंत्रावर लाल आणि डाव्या कानाच्या यंत्रावर निळी खूण असते, ती घरातील प्रत्येकाने ओळखायला शिकावी.

बाळाचा कान भराभर वाढतो. त्यामुळे पहिल्या वर्षात साचा काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी सैल होतो आणि नवा करावा लागतो. सैल साच्यातून आवाज बाहेर निसटतो, पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजू लागते. “यंत्र बिघडले” असे म्हणून ते काढून ठेवण्यापूर्वी साचा नीट आत बसला आहे का, आणि तो लहान पडू लागला आहे का, हे पाहावे. बाळाला खांद्यावर घेतल्यावर किंवा पाजताना यंत्र अंगाला टेकून शिट्टी वाजली, तर काळजीचे कारण नाही. बाळाची कूस किंचित बदलावी.

‘इतक्या मोठ्या आवाजाने बाळाचा उरलासुरला कानही जाईल’ ही भीती आजी-आजोबांना हमखास वाटते. बाळाची कर्णनलिका लहान असल्यामुळे तोच आवाज त्याच्या कानात अधिक तीव्र होतो, हे खरे आहे. म्हणूनच तज्ज्ञ त्या कानाचे मोजमाप करून यंत्र जुळवतात आणि आवाजाची कमाल मर्यादा यंत्रातच बांधून देतात. धोका आहे तो घरच्या घरी केलेल्या प्रयोगांत. आजोबांचे जुने यंत्र ‘लावून तर बघू’ म्हणून बाळाच्या कानाला लावणे किंवा ठरवून दिलेला आवाज मनाने कमी-जास्त करणे पूर्णपणे वर्ज्य समजावे.

आपल्याकडे बाळाच्या न्हाऊ-माखूच्या वेळी कानात कोमट तेल घालण्याची पद्धत आहे. ती बंद करावी. तेलाने साच्याचे छिद्र आणि नळी बुजते, आणि कानालाही त्याची गरज नसते.

पहिले दिवस

सुरुवातीसाठी बाळाचे पोट भरलेले असावे, झोप झालेली असावी आणि घरात गडबड नसावी. साचा आधी बसवावा, मग यंत्र हळूच कानामागे सरकवावे. लगेच बाळाशी बोलावे, गाणे म्हणावे, आवडीचे खेळणे द्यावे. यंत्र लावणे आणि आईचा आवाज ऐकू येणे या दोन गोष्टींचा संबंध बाळाच्या मनात जुळला पाहिजे. तीन-चार महिन्यांचे बाळ बहुधा फारशी कुरकुर करत नाही. लवकर सुरुवात करण्याचा हा आणखी एक लाभ. बाळ मोठे असेल आणि विरोध करत असेल, तर पहिल्या दिवशी थोडा वेळ, दिवसातून अनेकदा, असे करत काही दिवसांतच जागेपणीच्या पूर्ण वेळेपर्यंत जावे. झोपताना आणि आंघोळीच्या वेळी यंत्र काढावे.

परिणाम लगेच दिसेलच असे नाही. दूध पिता पिता क्षणभर थांबणे, डोळे विस्फारणे, हातपाय हलवणे थांबवून स्तब्ध होणे, ही लहान बाळाची ‘ऐकले’ म्हणण्याची भाषा असते. आवाजाकडे मान वळवणे त्यानंतर येते. या खुणा तारखेसह एका वहीत टिपून ठेवाव्यात. रोजकीर्द लिहिण्याची सवय असलेल्या घरांना हे कठीण नाही आणि पुढच्या भेटीत तज्ज्ञांना यंत्र जुळवण्यासाठी या नोंदींचा मोठा उपयोग होतो.

बाळ ओढून काढते तेव्हा

पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर बाळाचा हात कानापर्यंत पोहोचू लागतो आणि खरी कसोटी सुरू होते. बाळ यंत्र ओढते, तोंडात घालते, फेकते. त्याला यंत्र नको आहे असा अर्थ घाईने काढू नये. या वयाचे मूल मोजे, टोपडे, आजीचा चष्मा, सारेच ओढते.

प्रथम कारण पाहावे. कान लाल झाला आहे का, साचा टोचतो का, कानातून पाणी किंवा पू येतो का, सर्दी झाली आहे का? विशिष्ट आवाज होताच बाळ दचकून रडते का? असे काही असेल तर डॉक्टरांना किंवा श्रवणतज्ज्ञांना दाखवावे. काही नसेल, तर यंत्र शांतपणे पुन्हा लावावे. रागावू नये आणि हसूही नये. दोन्हींमुळे तो एक खेळ होऊन बसतो. बाळाच्या दोन्ही हातांत काहीतरी द्यावे. तीन-चारदा काढले तर काही मिनिटे थांबून, बाळाचे मन रमल्यावर, पुन्हा लावावे. यंत्र केव्हा काढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. रडल्याबरोबर यंत्र निघते हे एकदा कळले, की बाळ रोज रडते.

साधी साधने पुष्कळ मदत करतात. पातळ मलमलीचे टोपडे कानावरून घातले तर बाळाचे बोट यंत्रापर्यंत जात नाही. जाड कापड मात्र घासून खरखर होते आणि आवाज अडतो. यंत्राला आखूड दोरी बांधून तिची चिमटी झबल्याला पाठीमागे लावली, तर यंत्र निघाले तरी हरवत नाही. दोरी गळ्याभोवती जाईल इतकी लांब नसावी आणि बाळ एकटे असताना ती ठेवू नये. त्वचेला चालणारी दुहेरी चिकटपट्टीही मिळते.

दिवसाला किती तास? अमेरिकेत सौम्य ते तीव्र श्रवणदोष असलेल्या शाळापूर्व वयाच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोज दहा तासांहून अधिक वेळ यंत्र वापरणाऱ्या मुलांच्या भाषेची वाढ कमी वेळ वापरणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली. तान्हे बाळ इतका वेळ जागेच नसते, म्हणून त्याच्यासाठी ‘डोळे उघडे तेव्हा यंत्र कानावर’ एवढेच सूत्र पुरे. आजची यंत्रे किती तास वापरली गेली याची नोंद स्वतः ठेवतात आणि तज्ज्ञांना ती संगणकावर दिसते. अंदाजाने सांगितलेले तास आणि प्रत्यक्ष नोंद यांत अनेकदा मोठी तफावत निघते.

एकत्र कुटुंबाची शक्ती

यंत्र लावण्याचे काम एकट्या आईवर सोपवले, की ती स्वयंपाकघरात गेल्यावर किंवा आजारी पडल्यावर यंत्र डबीत जाते. आजी, आजोबा, काका, काकू आणि वडील या सर्वांना साचा बसवता आला पाहिजे. दुकानातून रात्री परतलेल्या वडिलांनी बाळ जागे असेल तर यंत्र लावूनच त्याला उचलून घ्यावे. आपल्याशी काहीच न बोलणारे वडील आणि आपले नाव घेऊन हाक मारणारे वडील, यांतला फरक बाळाला त्या अर्ध्या तासात कळतो.

दररोज सकाळी मोठ्या माणसाने स्टेथोस्कोपसारख्या नळीने यंत्र स्वतः ऐकून पाहावे. त्यानंतर बाळापुढे आ, ऊ, ई, म, श, स हे सहा ध्वनी म्हणावेत. डॅनिएल लिंग यांनी सुचवलेल्या या ध्वनींत बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे स्वर सामावलेले आहेत. बाळ एखाद्या ध्वनीला पूर्वी प्रतिसाद देत असेल आणि आता देत नसेल, तर यंत्र किंवा कान तपासून घ्यावा.

बॅटरीबाबत अत्यंत सावध राहावे. बटणासारखी ही छोटी बॅटरी मुलाने गिळली तर जिवाला धोका होऊ शकतो. बॅटरीच्या झाकणाला कुलूपपट्टी असलेले यंत्रच घ्यावे आणि नव्या-जुन्या सर्व बॅटऱ्या उंचावर ठेवाव्यात. गिळल्याचा संशय जरी आला, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या हवाबंद डबीत ठेवावे. पावसाळ्यात हे विशेष गरजेचे आहे.

यंत्र आवाज मोठा करते, पण गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे त्याला पूर्णपणे जमत नाही. मिक्सर, दूरदर्शन किंवा बाजारपेठेच्या कोलाहलात ते अपुरे पडते. म्हणून बाळापासून हातभर, फार तर दीड हात अंतरावरून, नेहमीच्या आवाजात आणि पूर्ण वाक्यांत बोलावे. आंघोळ घालताना, वरण कालवताना, कपड्यांच्या घड्या घालताना जे चालले आहे ते सांगत राहावे. घरात गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलली जात असेल आणि बाहेर मराठी, तर ज्या भाषेत मोठी माणसे मनापासून बोलतात तीच भरपूर बोलावी. केवळ शाळेसाठी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून बाळाची भाषा दरिद्री करू नये.

खर्च, सवलती आणि पुढचा टप्पा

श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. तपासणी, यंत्राची जुळवणी आणि पालकांचे मार्गदर्शन तेथे मिळते. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेनुसार यंत्रासाठी साहाय्य मिळते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश असून, पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. ज्या नातलगांची किंवा दुकानातील कामगारांची ऐपत नाही, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणे हेही एक साहाय्यच आहे.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असल्यास ‘श्रवणक्षीण’ आणि ७० डेसिबल असल्यास ‘कर्णबधिर’ अशी वर्गवारी आहे. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर आयकर कायद्यानुसार अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून नसते. मात्र नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. कोणती प्रणाली फायद्याची ठरेल, हे लेखापालाकडून तपासून घ्यावे. यंत्राचे बिल, अनुक्रमांक आणि हमीपत्र सांभाळून ठेवावे.

दोष अतितीव्र असेल तर यंत्राचा लाभ पुरेसा होत नाही. अशा वेळी वर्षाच्या आसपासच्या वयात ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. त्याआधी काही महिने यंत्र नियमाने वापरलेले असावे लागते, कारण त्यावरूनच निर्णय होतो. काही कुटुंबे भारतीय सांकेतिक भाषाही शिकतात. त्यात कमीपणा नाही. मुलाला भाषा वेळेवर मिळणे महत्त्वाचे, मग ती कानावाटे मिळो वा डोळ्यांवाटे.

नियमाने यंत्र वापरणारी पुष्कळ मुले दीड-दोन वर्षांची झाल्यावर सकाळी उठताच स्वतः डबीकडे बोट दाखवतात आणि बॅटरी संपली की यंत्र काढून आईच्या हातात आणून देतात. तोवरचे महिने घरातल्या मोठ्यांनी सांभाळायचे असतात. पुढच्या लग्नकार्यात कोणी विचारलेच, “बाळाच्या कानाला हे काय?” तर सरळ सांगावे, “श्रवणयंत्र आहे, त्याने त्याला ऐकू येते.” कदाचित विचारणाऱ्याच्या घरीही एखादे बाळ हाकेला वळत नसेल, आणि या उत्तराने त्याची तपासणी वेळेवर होईल.